काळा गार्नेट असतो का खरंच? हडफड्याच्या बाजारातून घेतलाय

म्हापशेकरीण:
नमस्कार मंडळी, चुकीच्या विभागात टाकत असेन तर हलवा कृपया.

गेल्या शनिवारी पुण्याची नणंद आली होती म्हणून तिला हडफड्याच्या रात्रीच्या बाजारात घेऊन गेले, आणि जे व्हायचं तेच झालं, तिने काही घेतलं नाही नि मीच एक खडा घेऊन आले. काळा कुळकुळीत, ओव्हल, पैलू पाडलेला, चिंचोक्याएवढा. स्टॉलवाला म्हणाला ये ब्लॅक गार्नेट है मॅडम, मेलनाइट बोलते है इसको, बारा कॅरेट. २२०० म्हणाला, मी चालायला लागले तसा १८०० वर आला. वर एक ओबडधोबड काळा दगड पेपरात गुंडाळून फुकट दिला, "आफ्रिका का है, रख लो, लकी है" म्हणून. तो करवंदाएवढा आहे, त्याला आपोआप पैलू आहेत म्हणजे कुणी कापलेला वाटत नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून बघितला नि एकच शब्द बोलल्या, काच. म्हापशात आमच्या नेहमीच्या शेटना दाखवला तर ते म्हणाले गार्नेट लाल असतं वहिनी, हे ओनिक्स असेल. आता मला १८०० रुपयांचं दुःख नाही (आहे थोडं) पण काळा गार्नेट असा काही प्रकार असतो का, की नावच बनवलेलं आहे? आणि असला तर येतो कुठून? पुतण्याला गोमेद घालायला सांगितलाय तर गोमेदाच्या जागी हा चालेल का असं जाऊबाई विचारतायत, गोमेद पण गार्नेटच म्हणे. आणि मुलगा म्हणतो मोरजीच्या रेतीत जे काळे काळे पट्टे दिसतात ते पण हेच, मग आई तू पैसे कशाला दिले. तर कुणाला माहीत असेल तर सांगा, सगळं एकदम विचारून टाकलं.

जेटीवरचा:
काळ्याचं माहीत नाही पण गार्नेट आमच्याकडे पोत्यांनी येतं ताई. जहाजाच्या बुडाचा गंज नि जुना रंग काढायला हवेच्या प्रेशरने मारतो ते. लालसर गुलाबी वाळू, तामिळनाडू आंध्रच्या किनाऱ्यावरची. दिवसभर मारून घरी गेलं की कानातून पण गार्नेटच निघतं. तुम्ही लोक कॅरेटवर घेता हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मग एक पोतं घरी आणा.

सोनचाफा:
काळा खडा शनीचा असतो, असाच कुठूनही घेऊन घालू नका. माझ्या मावसबहिणीने बाजारातून काळी अंगठी घेतली आणि त्याच महिन्यात स्कूटर पडली. आधी पत्रिका दाखवा.

जेटीवरचा:
@सोनचाफा पावसाळ्यात घेतली होती का अंगठी? आमच्या रस्त्यावर खडा न घालता पण पडतात.

खाणवाले_काका:
ताई, असतो. शेटना सांगा काळा गार्नेट असतो म्हणून, नाव बनवलेलं नाही. मी पस्तीस वर्षं डिचोली-सांखळी पट्ट्यात खाणींवर भूगर्भवाला म्हणून काढली, रत्नांचा धंदा माझा नव्हे, पण दगड कळतात, म्हणून लिहितोय, आणि रिटायर माणसाला वेळ असतो तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

गार्नेट हे एका दगडाचं नाव नाही, ते आडनाव समजा. घराणं एक, स्फटिकाची बांधणी सगळ्यांची सारखी, सगळे सिलिकेट, फक्त आतला धातू बदलतो. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम असलं की अल्मंडाइन, हे आपलं नेहमीचं लाल, राजस्थान, ओडिशा, तेलंगणात सापडतं, आणि वरच्या जेटीवाल्या भावाच्या पोत्यात पण बहुतेक तेच. कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम असलं की ग्रॉस्युलर, आणि त्याचाच मधासारखा प्रकार म्हणजे हेसोनाइट, तोच आपला गोमेद. आणि कॅल्शियम नि लोह असलं की अँड्रॅडाइट. ह्या अँड्रॅडाइटमध्ये टायटॅनियम शिरलं की तो काळा होतो. टायटॅनियम नि लोह शेजारी शेजारी बसले की उजेड आत जाऊच देत नाहीत, सगळा गिळून टाकतात. त्या काळ्याला मेलनाइट म्हणतात, ग्रीकमध्ये मेलास म्हणजे काळा. म्हणजे जाऊबाई चुकीच्या नाहीत, गोमेद खरंच गार्नेट, आणि रसायन बघितलं तर हा काळा लाल गार्नेटपेक्षा गोमेदाच्याच जास्त जवळचा, कॅल्शियमवाले दोघे चुलत भाऊ. पण गोमेद म्हणून घालायचा का ते मी सांगणार नाही, ते माझं खातं नव्हे.

गंमत म्हणजे ह्याच अँड्रॅडाइटचा हिरवा भाऊ म्हणजे डिमँटॉइड, रशियात उरल डोंगरात मिळाला, क्रोमियममुळे हिरवा, आणि रंगांची ठिणगी उडवण्यात हिऱ्यापेक्षा वरचढ. तोच गुण काळ्यात पण असणार, पण उजेड आतच जात नाही तर बाहेर काय येणार. फक्त वरची चकाकी मिळते, ती मात्र चांगली दणदणीत असते.

आता नावाची गोष्ट, कारण ती आपल्याकडची आहे, म्हणजे थोडी. अँड्रॅडाइट हे नाव जुझे बोनिफासियो दि आंद्रादा इ सिल्वा ह्या माणसावरून. जन्म १७६३, ब्राझीलमधलं सांतोस, म्हणजे आपल्यासारखाच पोर्तुगालच्या अंमलाखालचा माणूस. शिकला कोइंब्राला. पोर्तुगालने त्याला खाणकाम शिकायला युरोपभर पाठवलं, तेव्हा तो जर्मनीत फ्रायबर्गला गेला, तिथे वेर्नर नावाचा त्या काळचा सगळ्यात मोठा खनिजवाला शिकवायचा. १८०० मध्ये ह्या आंद्रादाने स्वीडन-नॉर्वेकडची नवी नवी खनिजं लिहून काढली, त्यातल्या पेटालाइटमध्ये पुढे १८१७ ला लिथियम सापडलं, जे आता तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत आहे. मग माणूस ब्राझीलला परत गेला आणि १८२२ मध्ये ब्राझील पोर्तुगालपासून सुटला त्यात पुढे, तिथले लोक त्याला स्वातंत्र्याचा पितामह म्हणतात. १८६८ मध्ये अमेरिकेच्या डेना नावाच्या खनिजवाल्याने ह्या कॅल्शियम-लोहवाल्या गार्नेटला त्याचं नाव दिलं. आणि मेलनाइट हे नाव कुणी दिलं? वेर्नरने, १७९९ मध्ये. म्हणजे गुरूने काळ्या खड्याचं बारसं केलं आणि शिष्याचं आडनाव पुढे त्या काळ्याच्या अख्ख्या शाखेला लागलं. गोव्यात एवढे आंद्रादे आहेत, एकाला तरी माहीत असेल का बघा.

कुठून येतो: हा खडा वाटेल त्या दगडात मिळत नाही. ज्या शिलारसात सिलिका कमी आणि सोडा-पोटॅश भरपूर असतं, त्यातून जो दगड थिजतो, नेफेलीन सायनाइट, फोनोलाइट वगैरे, त्यात हा बसतो. रोमजवळ फ्रास्काती आहे ना, लोक वाइनमुळे ओळखतात, तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या राखेच्या दगडात काळे चकचकीत दाणे मिळतात, हे खूप जुनं नाव. जर्मनीत कैझरश्टूल, तो पण ज्वालामुखीच. अमेरिकेत आर्कान्सॉमध्ये मॅग्नेट कोव्ह, तिथे टायटॅनियम अजून वाढून शॉर्लोमाइट नावाचा वेगळाच काळा गार्नेट होतो. कॅलिफोर्नियात सॅन बेनिटो. दुसरी वाट म्हणजे चुनखडकात गरम शिलारस घुसला की त्या सांध्यावर जे भाजून निघतं त्याला स्कार्न म्हणतात, अँड्रॅडाइटला ती जागा पण आवडते, कॅल्शियम चुनखडकाचं नि लोह शिलारसाचं. आणि आफ्रिकेत माली, तिथल्या 'काय' (Kayes) नावाच्या प्रांतातून गेल्या तीसेक वर्षांत काळे स्फटिक बाजारात येतायत.

गोव्यात म्हणाल तर आपल्याकडे शिस्ट, नाइस, काणकोणकडे ग्रॅनाइट, लोहखनिज, वर जांभा, आणि सत्तरीच्या टोकाला डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट. मेलनाइटला हवा तसला नेफेलीनवाला दगड माझ्या पायाखाली कधी आला नाही. मुलाला सांगा मोरजीचे काळे पट्टे म्हणजे मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, वजनदार कण, लाट हलकी वाळू मागे ओढून नेते नि हे तिथेच राहतात. वर रत्नागिरीच्या किनाऱ्याला तर इल्मेनाइट प्रसिद्धच आहे. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेतीतून फिरवायला सांगा, मिशा फुटल्यासारखे चिकटतात, रविवार छान जाईल.

फुकटवाल्या दगडाचं जरा नीट सांगा, पैलू कसे आहेत?

म्हापशेकरीण:
बापरे काका, एवढं कुणी कॉलेजात पण सांगितलं नव्हतं, देव बरें करूं. फुकटवाला आत्ता हातात आहे. प्रत्येक बाजू शंकरपाळीसारखी आहे, तिरका चौकोन. मोजल्या, दोन ठिकाणी टवका उडालाय पण बाकी धरून बारा होतात. कडांवर बारीक पट्टी कापल्यासारखी दिसते. रंग काळाच, चमक पण आहे, धुतल्यावर जास्त दिसली.

खाणवाले_काका:
बारा शंकरपाळ्या म्हणजे गार्नेटची सहीच ती. काळी टुर्मलीन असती तर लांब कांडी, अंगावर उभ्या रेघा, आणि आडवी कापली तर गोलसर त्रिकोण. काचेचा तुकडा असा निसर्गात होत नाही. हा गार्नेट आहे हे मी इथे बसून सांगतो, कोणता ते नाही सांगू शकत.

कापलेल्या खड्याला मात्र आकारावरून काही कळणार नाही, तो तर माणसाने दिलाय.

पेडण्याची_पोर:
मी मुंबईत रत्नशास्त्राचा कोर्स केलाय, आता घरी पेडण्यात आहे, तर थोडं जोडते. काका सॉरी पण एक दुरुस्ती, मालीवरून येणारा प्रत्येक काळा अँड्रॅडाइट मेलनाइट म्हणून विकतात पण मेलनाइट म्हणायला आत टायटॅनियम पाहिजे, आणि टायटॅनियम किती ते डोळ्याने कळत नाही, लॅबमध्ये मशीनवरच कळतं. काही काळे नुसते लोहाने गच्च भरलेले असतात. बाजारात कुणी एवढं बघत नाही, काळा अँड्रॅडाइट दिसला की मेलनाइट.

आणि ताई तुमच्या कापलेल्या खड्याबद्दल मला वेगळाच संशय आहे. भारतातल्या बाजारात ब्लॅक गार्नेट म्हणून जे कापलेले मिळतात त्यातले बरेच म्हणजे अति गडद अल्मंडाइन असतात. बाकी काळ्याच्या नावाखाली काय काय येतं सांगू, ओनिक्स (ते पण बहुतेक रंगवलेलं अगेट), काळी स्पिनेल, काळी टुर्मलीन, काच, आणि दक्षिणेकडून येणारा ब्लॅक स्टार म्हणजे डायोप्साइड, त्यात उजेडाखाली चार किरणांचा तारा दिसतो आणि आत मॅग्नेटाइटच्या सुया असतात म्हणून तो साध्या लोहचुंबकाला पण ओढला जातो. त्याला पण काहीजण स्टार गार्नेट म्हणून खपवतात. स्टार गार्नेट वेगळा, तो अल्मंडाइनच, ओडिशात मिळतो आणि अमेरिकेत आयडाहोत.

घरी करता येण्यासारखी तपासणी देते, खडा सुटा आहे ना, अंगठीत नाही ना? मग दागिन्यांचा छोटा काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, शेटकडे असतोच. खडा कोरडा तोला, लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. खड्याला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला आणि काचेला लागू देऊ नका, हात वर अधांतरी धरायचा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ते आलं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा खडा किती पट जड. खड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा नाहीतर आकडा चुकतो, मी पहिल्यांदा केलं तेव्हा पुखराज प्लास्टिक निघाला होता.

काच साधारण २.५, ओनिक्स २.६, टुर्मलीन ३.१ च्या आसपास, डायोप्साइड ३.३, स्पिनेल ३.६, मेलनाइट ३.७ ते ३.९, अल्मंडाइन ४ किंवा वर. काळं झिर्कॉन-बिर्कॉन म्हणून अमेरिकन डायमंड असेल तर साडेपाचच्या पुढे.

म्हापशेकरीण:
हे जमेल असं वाटतंय. शेटना विचारते उद्या. सासूबाई पण येणार म्हणतायत, त्यांना निकाल समोर बघायचाय.

फोंड्याचो_शेट:
मी फोंड्यातला, तुमच्या म्हापशाच्या शेटना मी ओळखत नाही, पण त्यांच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे दहा गिऱ्हाईकं काळा खडा घेऊन येतात त्यातले नऊ ओनिक्स नाहीतर काच असतं, मग तोंडातून तेच येणार. आमच्या वडिलांच्या वेळेला लालला तामडा म्हणायचे, काळ्याला कुणी विचारत नव्हतं, काळे मणी म्हणजे मंगळसूत्र, आणि ते काचेचेच, त्यात कुणाला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही.

बसवायचा असेल तर माझं सांगणं. एक, खडा बसवून झाल्यावर झाळ मारायला देऊ नका कुणाला, गार्नेट एकदम तापला-निवला की आतून तडकतो, मी स्वतः एक तामडा घालवलाय, गिऱ्हाईकाला भरून द्यावा लागला. दोन, मेलनाइट अल्मंडाइनपेक्षा थोडा मऊ, कडकपणाच्या दहाच्या मापावर साडेसहा-सातच्या आत, आणि आपली धूळ म्हणजे क्वार्ट्झ, ती सातची. रोजच्या अंगठीत घातला तर दोन-तीन वर्षांत कडा बोथट नि चकाकी मंद. गळ्यात किंवा कानात बरा. तीन, काळा खडा असला की पाठ बंद ठेवली तरी काही जात नाही, उजेड तसाही आत जात नाही, चांदीत बंद पाठीने छान बसतो नि घामाचा मळ पण मागे साचत नाही.

सोनचाफा:
सगळे शास्त्र सांगताय पण शनीचं कुणी बोलत नाही.

खाणवाले_काका:
सोनचाफाताई, नवरत्नांत शनीला नीलम आणि राहूला गोमेद, मेलनाइट ह्या यादीत नाहीच. त्याला ना शनी विचारतो ना राहू, त्यामुळे घातला तर कुणाचा राग नको नि लोभ नको.

पोरी, दुरुस्ती मान्य. मी मालीवाल्यांना सरसकट मेलनाइट म्हटलं नव्हतं पण वाचताना तसंच वाटतं, बरोबर आहे तुझं.

ताई, अजून एक करा. रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च खड्याच्या मागे लावा, मधे नाही, कडेला, जिथे खडा पातळ होतो तिथे. सुकलेलं आमसूल डब्यात बघितलं तर काळं ठिक्कर असतं ना, पाण्यात टाकलं की पाणी लालभडक. गडद अल्मंडाइनचं तेच, काळा दिसतो पण पातळ कडेला उजेड दिला की आमसुलाचं पाणी दिसतं. मेलनाइट बहुतेक दाद देत नाही, दिलीच तर एकदम पातळ टवक्यात तपकिरी.

म्हापशेकरीण:
मंडळी निकाल!!

शेटच्या दुकानात दुपारी दीड वाजता, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं. शेट, मी, सासूबाई, आणि शेटचा मुलगा ज्याने चहाचा काचेचा पेला धुवून आणला. कापलेला खडा कोरडा २.४५ ग्रॅम. शेट म्हणाले म्हणजे सव्वाबारा कॅरेट, वजनात तरी खोटं बोलला नाही. पाण्यात बुडवल्यावर आधी ०.७१ आलं, मग शेटच्या मुलाने बघितलं दोऱ्याच्या गाठीला बुडबुडा, तो काढून परत केलं तर ०.६०, तीन वेळा ०.६०. भागाकार ४.०८.

फुकटवाला ५.७२, पाण्यात १.५०. भागाकार ३.८१.

सासूबाईंनी विचारलं काच किती असते, मी म्हटलं अडीच, तर त्या म्हणाल्या मग पाणी बदलून बघा. पाणी बदलून पण तेच आलं.

रात्री टॉर्च लावला बाथरूममध्ये. कापलेल्या खड्याच्या कडेला, एका बाजूला टोकाकडे, काका, खरंच आमसूल! अगदी बारीक रेघ, पण लाल. मी ओरडलेच. फुकटवाल्यात काही नाही, जिथे टवका उडालाय तिथल्या एका पापुद्र्यात विटकरी-तपकिरी दिसतं असं मला वाटतं, नवरा म्हणतो तुला दिसायला पाहिजे म्हणून दिसतंय.

म्हणजे जो विकत घेतला तो मेलनाइट नाही आणि फुकट दिलेला आहे असं झालं का??

पेडण्याची_पोर:
हाहाहा ताई, झालं तसंच बहुतेक. ०.०१ च्या काट्यावर लहान खड्यात थोडी चूक धरायची, तुमचा ४.०८ म्हणजे ४.०२ ते ४.१५ मधे कुठेतरी, तरी मेलनाइटच्या वर जातोच, आणि कडेला लाल म्हणजे अल्मंडाइन म्हणायला हरकत नाही. ३.८१ वाला अँड्रॅडाइटच्या घरात बसतो, आकार पण जुळतो.

पक्कं करायचं तर कापलेला खडा घेऊन इकडे या, माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, खड्यात उजेड किती वाकतो ते मोजायचं यंत्र. त्याची पट्टी १.८१ पर्यंतच वाचते, तिथे लावायच्या द्रवाचीच तेवढी मर्यादा. अल्मंडाइन साधारण १.७६ पासून १.८१ च्या आसपास असतो, म्हणजे बहुतेकदा सावलीची रेघ दिसते. मेलनाइट १.८८ च्या आसपास नि वर, तो मीटरवर काहीच दाखवत नाही, सगळी पट्टी एकसारखी. दोन मिनिटांचं काम. कच्च्या स्फटिकाला मात्र पॉलिश नाही म्हणून रेघ नीट मिळेलच असं नाही, त्याला मुंबई किंवा जयपूरची लॅब, पण तिथली फी दगडापेक्षा जास्त होईल, फुकटच्या दगडापेक्षा तर नक्कीच.

जेटीवरचा:
म्हणजे ताईंनी १८०० ला आमच्या पोत्यातला एक मोठा दाणा घेतला 😂

खाणवाले_काका:
जेटीभाऊ, तुमच्या पोत्यातल्या दाण्याला बारा कॅरेटचा व्हायला जमलं नाही म्हणून तो पोत्यात आहे. आणि विक्रेता अर्धा खरंच बोलला बघा, काळा पण आणि गार्नेट पण, फक्त मेलनाइट हा शब्द त्याने वरून लावला. बहुतेक त्याला पण फरक माहीत नसणार, नाहीतर करवंद फुकट दिलं नसतं. १८०० जास्त झाले की कमी हे शेट सांगतील, मला भाव विचारू नका, मी आयुष्यभर टनाचा हिशोब केलाय.

चुंबकाचं राहिलंच. जुन्या हार्ड डिस्कमधला चांदीसारखा पातळ चुंबक मिळाला तर थर्माकोलच्या तुकड्यावर खडा ठेवून पाण्यात तरंगवा नि चुंबक जवळ न्या. फ्रिजवरचा नको, तो दुबळा. लोहवाले गार्नेट हळूच मागे येतात, बदकाच्या पिल्लासारखे. दोन्ही येतील तुमचे, त्यातून हा की तो ते कळणार नाही, टुर्मलीन पण थोडी येते, पण काच नि ओनिक्स जागचे हलत नाहीत, आणि सासूबाईंना दाखवायला ह्यापेक्षा चांगलं काही नाही.

फोंड्याचो_शेट:
भाव असा की काळपट अल्मंडाइनला बाजारात मान कमी, कारण लाल दिसत नाही. पातळ कापला असता तर लाल दिसला असता. पण घेतलाय ना आवडून, मग घाला. मला विचाराल तर मी करवंद बसवेन. न कापता, तसंच, चांदीच्या चार नखांत, शंकरपाळी समोर येईल असं. भोक पाडायला कुणी सांगितलं तर देऊ नका, टवका आधीच उडालाय तिथून फुटेल.

म्हापशेकरीण:
हार्ड डिस्क मुलाने फोडली (जुनी होती, तरी ओरडा बसला), चुंबक निघाला. परातीत पाणी, थर्माकोल, करवंद वर. चुंबक जवळ नेला तर खरंच चालायला लागलं हो, हळूहळू, परातीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. चिंचोका पण आला, थोडा आळशी. मग मुलाने माझ्या तुटलेल्या बांगडीची काच ठेवली, ती ढिम्म.

सासूबाईंनी स्वतः चुंबक हातात घेऊन तीन वेळा फिरवलं. काच हा शब्द आता मागे घेतलाय, पण आता म्हणतात लोखंड आहे म्हणून ओढलं जातंय, म्हणजे लोखंडाचे १८०० दिले. काका ह्याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

खाणवाले_काका:
नाही. त्या बरोबर आहेत.

म्हापशेकरीण:
😄 करवंद बसवायचं ठरलं. चिंचोका नणंदेला पाठवतेय कानातल्यासाठी, एकच आहे म्हटलं तर ती म्हणते दुसरा जेटीवरून आण. फोंड्याचे शेट, तुमचं दुकान सोमवारी उघडं असतं का?

फोंड्याचो_शेट:
सोमवारी बंद. मंगळवारी अकरानंतर या, करवंद कापसात गुंडाळून आणा, पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकू नका.